धोंडाआत्याचं घरपोच मत

निवडणूक जाहीर झाली की वाघजाईच्या वाडीत दोन माणसांची झोप उडायची. एक वाडीतला पुढारी, कारण या खेपेला कुणाच्या मागे जायचं ते त्याला ठरवावं लागायचं. आणि दुसरी धोंडाआत्या. पुढाऱ्याचं ठरायला चार दिवस लागायचे आणि ठरलेलंही चारदा फिरायचं. आत्याचं काही ठरायचं नसे. तिला नुसत्या आनंदानेच झोप यायची नाही.

आत्या त्रेसष्ट वर्षांची. तीन वर्षांची असताना ताप आला, आणि उतरताना दोन्ही पाय घेऊन उतरला. लग्न झालं नाही. वाडीची लेक वाडीतच राहिली म्हणून ती सगळ्यांची आत्या. तिच्याहून थोरल्या म्हाताऱ्यासुद्धा तिला आत्याच म्हणत. वाडी कामशेतहून पवनेकडे जाणाऱ्या रस्त्यावर. शाळा, देऊळ, दुकान, एसटीचा थांबा, जे काही बघण्यासारखं ते सगळं खाली रस्त्याला. आणि आत्याचं घर वरच्या आळीत, बासष्ट दगडी पायऱ्या चढून. वरपर्यंत रस्ता करायचं आश्वासन आजवर तिघांनी दिलं होतं. आश्वासन हलकं असतं, ते वर आलं. रस्ता जड, तो खालीच राहिला.

वर तिला खायला-प्यायला कमी नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर उगाच भाच्याच्या नावाने बोटं मोडाल. भाचा कैलास तळेगावच्या कारखान्यात, त्याची बायको माधवी कामशेतला कापडाच्या दुकानात. दोघं सकाळी आठला बाहेर पडत. आत्याच्या हाताशी झाकलेलं ताट, पाण्याची कळशी आणि टीव्हीचा रिमोट ठेवून जात, ते दिवेलागणीला परत येत. दोघंही तिच्याशी कधी वाकडं बोलले नाहीत. फार बोलले असंही नाही. दमून आलेल्या माणसाजवळ शब्द किती उरणार?

पूर्वी बरं होतं. भात भरडून झालं की वरच्या आळीच्या बायका आपापली सुपं घेऊन आत्याच्या ओसरीवर यायच्या. तांदळातला खडा आत्याच्या बोटाला जसा सापडायचा तसा दुसऱ्या कुणाच्या डोळ्याला सापडत नसे. खडे निघायचे, सासवा निघायच्या, नणंदा निघायच्या. मग कामशेतच्या गिरणीत खडे काढायचं मशीन आलं. तांदूळ निवडूनच घरी येऊ लागला आणि ओसरीवर यायचं कुणाला कारण उरलं नाही. कुणी भांडलं नाही, कुणी रुसलं नाही. येणं तेवढं बंद झालं. माणसाला माणसाकडे जायलाही कारण लागतं, हे आत्याला तेव्हा कळलं, आणि कळल्यावर फार वाईट वाटलं.

तिला खाली न्यायलाही कारण लागायचंच, आणि वाडीच्या लेखी ते एकच होतं. तिचं मत.

मतदानाच्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीतली हातांची लाकडी खुर्ची वर यायची. तिला दोन बाजूंनी दोन बांबू करकचून बांधायचे, आत्याला उचलून बसवायचं, आणि चौघांनी खांदा देऊन पायऱ्या उतरायच्या. कायद्यात ते बसतं की नाही हे कायद्यालाच माहीत. खांदा देणारे कधी या पक्षाचे, कधी त्या पक्षाचे. एकदा तर दोन्हीकडची पोरं एकदम आली आणि दोन-दोन खांदे वाटून घेतले. खाली पोचेपर्यंत इकडचे इकडची निशाणी सांगत होते, तिकडचे तिकडची. आत्या म्हणाली, "खांदा कुनाचा का आसंना, बटन माजं हाय." हे वाक्य वाडीत अजून चालतं. तिने आजवर कुणाला मत दिलं हे तिच्या भावाला कळलं नाही, भाच्याला कळलं नाही, आणि ज्यांना दिलं त्यांनाही कळल्यासारखं कधी दिसलं नाही.

बटण दाबायला मिनिट लागायचं. बाकीचा दिवस शाळेच्या व्हरांड्यात. पोरं संध्याकाळी सहाशिवाय मोकळी होत नसत, त्यामुळे खुर्ची तिथेच असायची आणि खुर्चीत आत्या. मुंबईला गेलेले, पिंपरीला गेलेले, पण नाव अजून वाडीच्या यादीत असलेले, सगळे येऊन पाया पडायचे, पोरं दाखवायचे. आणि जैनब यायची.

जैनब म्हणजे कादरभाई दुकानदाराची मुलगी. दोघी एका वर्षाच्या, एका वर्गातल्या. जैनबचं लग्न वाडीतच नात्यात झालं, म्हणून मैत्री तुटली नाही. तांदूळ निवडायला सगळ्यात आधी सूप घेऊन यायची ती जैनबच. पुढे तिचा नवरा वारला. मुलगा झुबेर, त्याने लोणावळ्याला चिक्कीचं दुकान टाकलं, वाडीतलं घर विकलं आणि आईला घेऊन गेला. त्याला अकरा वर्षं झाली. लोणावळा काही काळ्या पाण्यावर नाही. पण शनिवार-रविवार दुकानात पाय ठेवायला जागा नसते, बाकीचे दिवस माल करण्यात जातात, आणि जैनबचे गुडघे असे की एसटीची पायरी चढवत नाही. वाडीला जाऊ म्हटलं की झुबेर विचारायचा, "तिथं आता आपलं काय आहे?" मत आहे, एवढं एकच उत्तर तिच्याजवळ होतं. त्या उत्तरावर ती दर निवडणुकीला यायची.

फोन आहेत की, असं कुणी म्हणेल. जैनबला ऐकू कमी. जवळ बसून डाव्या कानाशी बोललं तर कळायचं, फोनवर ती नुसती "हॅलो, हॅलो" करत राहायची. एकदा माधवीने व्हिडिओ लावून दिला. जैनबने सवयीने फोन कानाला लावला, आणि आत्याला पाच मिनिटं जैनबचा कान दिसत राहिला. शेवटी आत्या त्या कानालाच "बरी हायेस न्हवं?" म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

मे महिन्यात लोकसभा झाली तेव्हा जैनब आली नव्हती. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्याच्या आधीची भेट ग्रामपंचायतीच्या वेळची, म्हणजे तीन वर्षांपूर्वीची. त्यामुळे विधानसभेची वीस नोव्हेंबर तारीख लागली तशी आत्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर माधवीकडून गोल काढून घेतला. झुबेरचा निरोपही आला. या वेळेला आई येणार, सकाळी अकराला पोचेल, दुपारी दोनला निघेल.

आता हे सगळं ज्याने फिरवलं त्या फॉर्मचं सांगतो. चैताली ही वाडीची अंगणवाडी सेविका, आणि मतदारयादीचं कामही सरकारने तिच्याच गळ्यात घातलेलं. पोरगी कामाला प्रामाणिक. मे महिन्यात तिने आत्याच्या नावाने चाकांची खुर्ची मागवली होती. खुर्ची आली, अगदी वेळेवर आली, आणि शाळेच्या दारात उभी राहिली. आत्या बासष्ट पायऱ्या वर. चाकांना पायऱ्या उतरता येत नाहीत हे वरच्या साहेबांना कुणी सांगितलं नसावं. शेवटी लाकडी खुर्ची आणि बांबूच उपयोगी पडले. चैतालीने ते फार मनाला लावून घेतलं होतं. म्हणून दिवाळीच्या आधी ती धापा टाकत वर आली, ती हातात फॉर्म घेऊनच.

"आत्या, या वेळी तुम्हाला अजिबात त्रास नाही. दिव्यांगांसाठी खास सोय आहे. इथं सही करा."

वरच्या आळीत एक रीत आहे. सगळ्या पायऱ्या चढून जो दारात येतो त्याला रिकाम्या हाताने परत लावायचं नाही. गूळ-पाणी द्यायचं, आणि जे मागेल त्याला होता होईतो हो म्हणायचं. नाही ऐकायला कुणी एवढं चढत नाही. या रितीपायी आळीत दोन लग्नं चुकीची झाली आणि नऊ जणांनी नको असलेले विमे काढले. आत्याने चैतालीला गूळ-पाणी दिलं आणि सही केली. सोय म्हणजे या खेपेला चाकांची खुर्ची वरपर्यंत आणणार असतील, असं तिने धरलं. चैतालीला अजून अकरा घरं करायची होती. तिने नीट सांगितलं नाही, हिने नीट विचारलं नाही.

दिवाळी झाली आणि माधवीच्या फोनवर निरोप आला. चौदा तारखेला टीम येणार आहे.

"आत्या, मजा आहे तुमची," माधवी म्हणाली, "तुमचं मत घरपोच. घरी येऊन घेऊन जाणार."

"आनि शाळंत?"

"शाळेत कशाला आता?"

आत्याने तिथल्या तिथे चैतालीला फोन लावायला लावला. "पोरी, ती सही फाडून टाक."

"आत्या, फॉर्म वडगावला तहसीलमध्ये गेला. मंजूरपण झाला. आता परत नाही येत."

"पन मला शाळंत यायचंय."

"अहो, एवढा त्रास कशाला घेताय? तुमच्यासाठीच तर केलंय."

आत्याने फोन माधवीच्या हातात दिला. मला त्रास हवाय, असं कसं सांगायचं? चौघांनी खांद्यावर घ्यावं, वळणावर "आत्या, घट्ट धरा" म्हणावं, देवळापाशी थांबून घाम पुसावा; हा त्रास पाच वर्षांत दोनदा-तीनदाच तिच्या वाट्याला यायचा. तोही चैतालीने चांगुलपणाने काढून घेतला होता. चैतालीवर रागावता येत नव्हतं, हे तर आणखी वाईट होतं.

चौदा तारखेला पाच जण आले. एक अधिकारी बाई, एक मास्तरांसारखे दिसणारे मदतनीस, एक पोलीस, एक कॅमेरावाला आणि एक पेटी धरलेला माणूस. घरी नाही असं सांगायची सोय आत्याला जन्मात कधी नव्हती. तिने सरळच सांगितलं. "मी हितं न्हाई देनार. शाळंत यीन, सगळ्यांसारकी."

बाई वैतागल्या नाहीत. पाटावर बसून त्यांनी समजावलं. "आजी, यादीत तुमच्या नावापुढं शेरा पडलाय. तुम्ही शाळेत आलात तरी तिथे तुम्हाला मत देता येणार नाही. आज नको असेल तर आम्ही सोळा तारखेला पुन्हा येऊ. पण तेव्हाही नाही म्हणालात तर या वेळचं तुमचं मत गेलं."

पाचही जण गूळ-पाणी घेऊन मोकळ्या हाताने पायऱ्या उतरले. वरच्या आळीतून असं कुणी कधी गेलं नव्हतं. आत्याला लाज वाटली.

पुढचे दोन दिवस तिने टीव्ही लावला नाही. एक डाव मनात आला होता. मत द्यायचं नाही, आणि पोरांना काही सांगायचंही नाही. ती खुर्ची घेऊन येतील, नेतील. शाळेत गेल्यावर साहेब म्हणेल तुमचं इथे नाही, म्हणेना का. तोवर ती व्हरांड्यात पोचलेली असेल. पण पहिल्या मतापासून आजवर तिचं एकही मत चुकलं नव्हतं. या घरात चूल माधवीची, टीव्ही कैलासचा, घर दोघांचं. मत तेवढं तिचं एकटीचं होतं. ते फिरायला जाण्यापायी घालवायचं? आणि मत नसताना आहे म्हणून पोरांच्या खांद्यावर बसायचं? ते काही तिच्याच्याने होईना. शेवटी तिने मनाशी ठरवलं, की मत घरी द्यायचं आणि वीस तारखेला पोरांना मोकळ्या मनाने सांगायचं, मला तेवढं खाली न्या. इतक्या वर्षांची नेआण, मत नसलं म्हणून काय एक दिवस नेणार नाहीत?

सोळा तारखेला टीम पुन्हा आली. तांदूळ निवडायच्या जुन्या चौरंगावर त्यांनी पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. कैलासला त्या दिवशी दुसरी पाळी होती. तो दारात टेकून बघत होता. बाई म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबा." कैलास गेला. या घरात आत्यासाठी कुणी कैलासला बाहेर थांबायला सांगितलं, असं पहिल्यांदाच घडलं. तेवढ्यापुरतं तिला फार बरं वाटलं. तिने कागदावर खूण केली, कागद पाकिटात गेला, ते पाकीट मोठ्या पाकिटात, मग सही, मग पेटी. कॅमेरावाल्याने तिला पेटीकडे बघायला सांगितलं. सगळं मिळून बारा मिनिटं लागली. मग पाचही जण पायऱ्या उतरले, आणि त्यांचं बोलणं ऐकू येईनासं होईपर्यंत आत्या दारात बसून राहिली.

वीस तारखेला कैलास आणि माधवी साडेसातलाच खाली जाऊन मत देऊन आले. सुट्टी होती, माधवीच्या माहेरी तळेगावला जेवायला जायचं होतं. "विक्कीला सांग मला न्यायला," आत्या म्हणाली. "सांगतो की," कैलास म्हणाला. त्याने सांगितलंही असेल. खांदा देणाऱ्या पोरांचा म्होरक्या विक्की, तो त्या दिवशी बाराजणांचं ऐकत होता.

आत्याने हिरवं लुगडं नेसलं, केस विंचरले, आणि ओसरीच्या कडेला येऊन बसली. दहाच्या सुमाराला पायऱ्यांवरून बांबूचा आवाज आला. विक्की आणि तीन पोरं, मध्ये खुर्ची. आत्याने पदर सारखा केला. पोरं तिच्या दारावरून पुढे गेली आणि शेजारच्या सखारामच्या दारात थांबली. सखाराम खळ्यात घसरून पडला होता, खुब्याचं हाड मोडलेलं. वय पंच्याऐंशीच्या आत, अपंग म्हणून दाखला नाही, त्यामुळे घरी मत द्यायची सोय त्याला नव्हती. पाच मिनिटांत खुर्ची परत आली. तिच्या खुर्चीत सखाराम बसला होता.

"विक्की, याला सोडून मंग मला न्या रं," आत्या म्हणाली.

विक्कीने हातातली यादी बघितली. वाईट पोरगा नव्हे तो. "आत्या, तुमचं झालंय ना मत?"

"झालंय. पन जैनब यायचीय. तिला भेटायचंय."

"आत्या, अजून चाळीस मतं बाहेर काढायचीत. सहापर्यंत श्वास घ्यायला टाइम न्हाई. संध्याकाळी नेतो, खुर्चीत बसवून सगळी वाडी फिरवतो."

"संध्याकाळी जैनब कुटं आसल?"

विक्कीला ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. खांद्यावर सखाराम होता. पोरं उतरून गेली. इतकी वर्षं ती आत्याला न्यायची असं आत्या समजत होती. न्यायची ती तिचं मत, आणि मताला पाय नसल्यामुळे तिलाही उचलावं लागायचं. हे आता तिला लख्ख कळलं. कळून करायचं काय, ते मात्र कळेना.

अंगणाच्या कडेला सरकत गेलं की खाली शाळा दिसते. आत्या तिथे जाऊन बसली. अकराला झुबेरची पांढरी गाडी आली. जैनब उतरली, डुलत चालणं लांबूनही ओळखू येत होतं. ती आत गेली, बाहेर आली, आणि व्हरांड्यात पायऱ्यांकडे तोंड करून बसली. मांडीवर पिशवी. पायऱ्यांवरून कुणी उतरलं की ती मान वर करायची आणि मग परत खाली घालायची. आत्याने हाका मारल्या. दोन-चार माणसांनी वर बघितलं, जैनबने नाही बघितलं. घरी ठेवलेल्या जुन्या फोनवरून चैतालीला लावून बघितलं, तिचा बंद. मतदानाच्या ठिकाणी फोन बंदच ठेवावा लागतो, तिचं चुकलं नव्हतं. त्या दिवशी चुकलं कुणाचंच नव्हतं.

साडेबारा वाजले. जैनब दीड तास तशीच बसून होती. कुणीतरी तिच्याजवळ जाऊन हातवारे करून सांगायला बघत होतं, ती मानेनेच नाही-नाही म्हणत होती.

आत्याने लुगड्याचा ओचा वर खोचला आणि पहिल्या पायरीवर बसली.

लहानपणी ती अशीच उतरायची. हात मागे टेकायचे, अंग उचलायचं, खालच्या पायरीवर ठेवायचं, मग एकेक पाय हाताने धरून खाली घ्यायचा. बारा वर्षांची होईपर्यंत शाळेत ती अशीच गेली. तेव्हा तिचं वजन नव्हतं आणि लाजही नव्हती. आता दहाव्या पायरीला मनगटं भरून आली. विसाव्या पायरीला हिरवं लुगडं मागून फाटल्याचा आवाज आला. मत देऊन वर येणारे थांबायचे. "आत्या, कुटं निगाला? तुमचं तर घरीच झालं की." एकीने हात धरून बघितला, पण धरून उपयोग नव्हता. एकजण म्हणाला, "थांबा, पोरांना पाठवतो," आणि गेला. पोरं आली नाहीत. आत्या थांबलीही नाही.

खालून दहा-बारा पायऱ्या राहिल्या तेव्हा जैनबने मान वर केली. मग उठली, झुबेर "अम्मी, अम्मी" करत असताना तशीच निघाली, आणि भिंतीला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत वर चढू लागली. पाचव्या पायरीवर तिचे गुडघे संपले. उरलेलं अंतर आत्याने काटलं. दोघी एका पायरीवर बसल्या.

"किती वाळलीस गं धोंडे," जैनब ओरडून म्हणाली. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी ती बोलत होती. सगळ्या वाडीला ऐकू जात होतं.

आत्याने तिच्या डाव्या कानाशी तोंड नेलं. "डोळा बरा हाय का?"

जैनबने मान हलवली, कानावर हात ठेवला. "त्यो बी गेला. दिवाळीपासनं कायबी न्हाई. पार बंद." हे सांगून ती हसली, मग पिशवीतून चिक्कीचा पुडा काढून आत्याच्या ओटीत ठेवला, तिच्या खरचटलेल्या तळहातावरची माती आपल्या ओढणीने पुसली आणि एकटीच बोलत सुटली. तुजं मत घरीच घेतलं, ते खालच्यांनी खुनेनं सांगितलं. नातवाला नोकरी लागली. डोळ्याने आता सुई ओवता येते. लोणावळ्यात गर्दी लय, ऊन पडलं तरी माणसं हटत न्हाईत. आत्या मान डोलावत होती. विचारायचं खूप होतं. तीन वर्षांचं साठलेलं होतं. त्यातलं काहीही आता जैनबपर्यंत पोचणार नव्हतं, तरी आत्याला ती बोलत राहावी असंच वाटत होतं.

खालून झुबेरने हॉर्न वाजवला.

जैनबला तो ऐकू आला नाही, पण गाडीचा दिवा लुकलुकलेला तिने बघितला. उठता उठता तिला आठवलं. "आगं, सांगायचंच राहिलं बग. झुबेरनं माजं नाव हितनं काढायला दिलंय. पुडच्या टायमाला लोणावळ्यालाच मत. आमच्या गल्लीच्या तोंडालाच शाळा हाय, चार पावलं. हितवर यायचं कायबी कारन न्हाई आता."

ती आनंदाने सांगत होती. आत्याने तिचा हात दोन्ही हातांनी धरला.

"मत नसलं तरी येत जा गं," आत्या म्हणाली. आयुष्यात तिने कुणाकडे असं काही मागितलं नव्हतं. "वर्सातनं येकदा. मी येत जाईन हितवर, आशीच, बसत बसत. कारन नसलं तरी ये."

जैनब तिच्या ओठांकडे नीट बघत होती. मग तिने समजल्यासारखी मान डोलावली आणि आत्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"व्हय गं," ती मोठ्याने म्हणाली. "लय सोय झाली बग. तुजी बी झाली, माजी बी झाली."